पिठ्याचा साचा

पिठ्याला ‘बस’ एवढं एक शिकवायला हौसाक्काला अकरा दिवस लागले. ‘हात दे’ला आणखी नऊ. ‘मर’ म्हटलं की आडवं पडून डोळे मिटायचे, हे मात्र तो एका दुपारीच शिकला. कारण तो मुळातच आळशी आहे, असं ती दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची.

कराडच्या जुन्या पेठेत तिची पिठाची गिरणी होती. नवरा वारल्यापासून बावीस वर्षं तीच चालवत होती. गिरणीच्या धडधडाटावर मात करून बोलायची सवय लागल्यामुळे तिचा आवाज असा तयार झाला होता, की ती दारात उभी राहून बोलली तर गल्लीच्या टोकाला कळावं. पिठ्या पिल्लू असताना पिठाच्या डब्यात पडला होता. काढला तेव्हा पांढराशुभ्र होता. आंघोळ घातल्यावर तपकिरी निघाला, पण तोवर नाव पडून गेलं होतं.

तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण शिकवायचं कसं ते तिला कळत होतं. दुपारी गिरणी बंद केली की ती पाटावर बसायची. भाकरीचा तुकडा मुठीत धरून मूठ त्याच्या नाकावरून हळूच डोक्यामागे न्यायची. कुत्रं वर बघायला लागलं की त्याचं बूड आपोआप खाली जातं. ते जमिनीला टेकलं रे टेकलं, की ‘बस’ म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. त्याच क्षणी. जरा उशीर झाला की कुत्रं भलतंच काहीतरी शिकतं. आणि तुकडा दिल्यावर ती हमखास विचारायची, “जेवलास का रं, सोन्या?”

हे ती सगळ्यांनाच विचारायची. पोस्टमनला, सिलेंडरवाल्याला, गल्ली झाडायला येणाऱ्या बाईला. उत्तर काय येतं याच्याशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. माणूस दिसलं की तोंडातून ते निघायचंच.

तिचा एकुलता मुलगा सुजित पुण्याच्या ‘सोबती’ नावाच्या कंपनीत होता. एका रविवारी तो दोन पेट्या आणि एका डॉक्टरीणबाईंना घेऊन गिरणीत आला. डॉक्टर शहनाज मुजावर मेंदूच्या डॉक्टर होत्या, पण जनावरांच्या. त्यांनी पिठाच्या पोत्यावरच बैठक मारली आणि समजावून सांगितलं.

शिकणं म्हणजे मेंदूतल्या पेशींची एकमेकींशी ओळख वाढणं. ‘बस’ हा आवाज ऐकणाऱ्या पेशी आणि बूड टेकवणाऱ्या पेशी एकदम जाग्या झाल्या, आणि त्याच वेळी तुकडा मिळाला, की त्यांच्यामधली वाट थोडी मळते. शंभर वेळा झालं की पायवाटेचा रस्ता होतो. कुत्रं झोपलं की त्याचा मेंदू दिवसभरातल्या वाटा पुन्हा चालून बघतो, म्हणून ते झोपेत पाय हलवतं, कुंई-कुंई करतं. कंपनीनं कुत्र्याच्या डोक्याला बांधायची एक पट्टी काढली होती. झोपेत कोणत्या वाटा चालल्या जातात हे ती टिपून घ्यायची. त्याला ते साचा म्हणत. मग दुसऱ्या कुत्र्याला तसलीच पट्टी बांधली, की ती कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींनी त्याच्या मेंदूतल्या तशाच पेशी झोपेत जाग्या करायची. दर कुत्र्याचा मेंदू वेगळा, पण कोणती पेशी कुणाच्या जागी हे पट्टी शोधून काढायची. सात रात्री अशा गेल्या की आठव्या सकाळी कुत्रं उठून हात द्यायचं. जन्मात कुणी शिकवलेलं नसताना.

“म्हणजे शाळंत न जाता पास,” हौसाक्का म्हणाली.

“तसंच मावशी,” डॉक्टरीणबाई हसल्या. “पण कुणीतरी एकानं शाळेत जावं लागतं.”

“मग तुमच्याकडं शिकिवलेली कुत्री न्हाईत व्हय?”

“आहेत गं,” सुजित म्हणाला. “पण ती कामावर आल्यासारखी वागतात. लोकांना घरचं कुत्रं हवंय. आपल्या पिठ्यासारखं.”

हौसाक्काला ते ऐकून जे वाटलं, ते तिनं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. तिनं पिठ्याच्या डोक्याला पट्टी बांधू दिली.

तीन आठवडे टिपण चाललं. नियम एकच होता : शिकवताना हुकमाखेरीज दुसरा शब्द उच्चारायचा नाही.

“बस,” हौसाक्का म्हणायची. “शाब्बास. जेवलास का रं?”

“मावशी, फक्त ‘बस’.”

“बरं बाई. हात दे. आगं माझा राजा त्यो! जेवलास का रं?”

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. सुजितला परतायची घाई होती. “जाऊ द्या मॅडम,” तो म्हणाला, “जादाचं मशीन गाळून घेईल.”

मशीननं गाळलं नाही. हे कुणाला कळलं नाही.

दोन वर्षांत पिठ्याचा साचा चाळीस हजार कुत्र्यांच्या डोक्यात गेला. घरातल्या कुणाच्याही आवाजाला कुत्र्यानं मान द्यावा म्हणून कंपनीनं हौसाक्काच्या आवाजाची गाठ सैल केली होती. पण सैल केली म्हणजे सोडली नव्हती. शेजारची पारूबाई सुद्धा आपल्या टायगरला पट्टी बांधून बसली आणि वर टोमणा मारून गेली, “अक्का, तू जन्मभर भाकरी चारत बसलीस, आमचा सात रात्रीत पदवीधर झाला बघ.”

“व्हय, पण कुणाच्या जिवावर?” हौसाक्का म्हणाली, आणि दोघी हसल्या.

सून केतकीला सातवा महिना लागला तेव्हा हौसाक्का पुण्याला गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती सोसायटीच्या फाटकापाशी आली. वॉचमन डबा न उघडता नुसता बसला होता.

“जेवलास का रं?” तिनं गिरणीतल्या आवाजात विचारलं.

वर कुठंतरी काच खळकन फुटली. पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीतून सोनेरी केसांचं एक मोठं कुत्रं कठड्यावर चढलं आणि त्यानं खाली उडी मारली. ते स्कूटरवर आदळून फरशीवर पडलं. मागचं धड त्याचं लुळं पडलं होतं. पुढच्या दोन पायांवर ओढत ओढत ते हौसाक्कापर्यंत आलं आणि त्यानं तिच्या पायावर पंजा ठेवला. शेपटी हलत नव्हती, पण डोळे हसत होते.

“बस, बस रं बाबा, हलू नकोस,” ती घाबरून म्हणाली.

आणि ते मोडक्या कमरेवर बसायचा प्रयत्न करायला लागलं.

तोवर चारी इमारतींतून भुंकणं सुरू झालं होतं. दारं खरवडली जात होती. एक बाई साखळीमागं फरफटत जिन्यावरून खाली आली. नऊ कुत्री हौसाक्काभोवती जमली, आणि मालक हाका मारत असताना एकानंही मान वळवली नाही. पडलेलं कुत्रं अर्ध्या तासानं मेलं. तोवर ते तिच्याकडेच बघत होतं.

कुणीतरी हे सगळं फोनवर टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत हौसाक्काचा आवाज घरोघर पोचला. लोक गंमत म्हणून तो वाजवायचे आणि कुत्री कशी वेडी होतात ते बघायचे. आठवडाभरानं नाशिकला एक आंधळे गायनमास्तर आपल्या कुत्र्याबरोबर रस्ता ओलांडत होते. टपरीवर कुणाच्या तरी फोनमधून आवाज आला, “जेवलास का रं?” कुत्र्यानं मास्तरांना रस्त्याच्या मधोमध सोडलं आणि ते टपरीकडे धावलं. मास्तर टेंपोखाली गेले.

हौसाक्का कराडला परतली होती. तिच्यामागोमाग सुजित आणि डॉक्टरीणबाई आल्या. ह्या वेळी पोत्यावर कुणी बसलं नाही.

“शिक्षणात शिकवणाराही शिकला जातो, मावशी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पिठ्या ‘बस’ शिकला तुकड्यासाठी नाही. तुम्ही नंतर ते विचारता, त्यासाठी. साच्याचा गाभा तोच निघाला.”

“मग पुसून टाका.”

“पुसता येत नाही. त्याच साच्याच्या वाटेवर नवं शिकणं तेवढं चढवता येतं. आणि ते पिठ्यानंच शिकायला हवं. त्याच्याकडून बाकीच्यांना जाईल.”

“काय शिकायचं त्यानं?”

डॉक्टरीणबाई सुजितकडे बघायला लागल्या. त्यानं नजर जमिनीला लावली.

“तुमच्या आवाजाला भ्यायला,” शेवटी त्याच म्हणाल्या. “हळूहळू विसरायला लावलं तर महिने जातील आणि ते पुन्हा उफाळून येतं. भीती एका दिवसात बसते आणि जात नाही.”

“पट्टीतनं झटका द्या की मग.”

“मग भीती पट्टीची बसते. दुसऱ्यानं मारलं तर दुसऱ्याची. आवाज तुमचा, तर हातही तुमचाच लागेल.”

हौसाक्का पिठ्याकडे बघत होती. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे त्याला कळलं होतं आणि तो खुशीत होता.

“मी न्हाई मारायची.”

“आई, एक माणूस मेलाय.”

“मशीन गाळून घील म्हणाला हुतास तू.”

सुजितनं गिरणीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, “ते टिपणात आहे. माझा आवाज आहे त्यात. पोलीस आज ना उद्या ते ऐकतील. हे थांबवलं तर वकील म्हणतो काहीतरी करता येईल. केतकीला सातवा महिना आहे, आई. मी आत गेलो तर तिनं काय करायचं?”

मास्तरांचं त्यानं आधी सांगितलं होतं आणि हे नंतर. दोन्हीतलं तो कशासाठी आला होता ते हौसाक्काला कळलं. पण पोटचा पोर होता. आणि मास्तर खरंच मेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गिरणी उघडली नाही. दार आतून लावलं. मोटारीचा जुना, तुटलेला पट्टा खुंटीला लटकत होता, तो काढला. डॉक्टरीणबाईंनी पिठ्याच्या डोक्याला पट्टी बांधली. पडद्यावर एक हिरवी रेघ वर उभी राहिली : पिठ्याला तिच्या आवाजाची असलेली ओढ. ती खाली येऊन स्थिर झाली की झालं.

“आधी बोलायचं, मग मारायचं. मध्ये उशीर करायचा नाही,” त्या म्हणाल्या. तुकड्याचा जो नियम, तोच पट्ट्याचा.

“जेवलास का रं?” हौसाक्का म्हणाली आणि तिनं पट्टा हाणला. हात आपोआप सैल पडला. पिठ्या दचकला आणि शेपटी हलवायला लागला. रेघ आणखी वर गेली.

“मावशी, असं नको. असं मारलंत तर तो खेळ समजेल आणि दिवसभर मारावं लागेल. त्याच्यावर दया असेल तर जोरात मारा.”

तिनं जोरात मारलं. पिठ्या केकाटला. त्याचं काय चुकलं ते त्याला कळेना. तो बसला. नीट, कान ताठ करून बसला, शिकवलं होतं तसा. तिनं पुन्हा विचारलं आणि पुन्हा मारलं. त्यानं हात दिला. हा हात नको असेल म्हणून दुसरा दिला. मग तो आडवा पडला आणि त्यानं डोळे मिटून घेतले. त्याला येत होतं ते सगळं त्यानं करून दाखवलं. पडल्या पडल्या त्याची शेपटी फरशीवर एकदा आपटली, आणि पापणी किलकिली करून तो बघत होता, की आता तरी बाई खूश झाली का.

हौसाक्कानं पट्टा भिरकावून दिला. तो चक्कीच्या पलीकडे जाऊन पडला. पिठ्या उठला, लंगडत गेला, पट्टा तोंडात धरून घेऊन आला आणि तिच्या हातात ठेवला.

“सुजित, माझ्यानं व्हायचं न्हाई रं.”

“आई, रेघ निम्म्यावर आलीय.” तो पडद्याकडे बघत होता. “आता सोडलंस तर आत्तापर्यंतचं वाया.”

त्यानंतर तिनं मोजलं नाही. कधीतरी पिठ्यानं तिच्याकडे बघायचं बंद केलं. त्याच्या अंगाखाली ओलं झालं. तो पोटावर सरपटत चक्कीच्या चौथऱ्याखालच्या फटीत शिरला आणि रेघ खाली येऊन सपाट झाली.

“झालं,” सुजित म्हणाला.

डॉक्टरीणबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. तोंड पांढरं पडलं होतं त्यांचं. हौसाक्कानं त्यांच्याकडे बघितलं, आणि एवढ्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलंच, “पोरी, जेवलीस का?”

चौथऱ्याखालून असा आवाज आला, की तो कुत्र्याचा आहे हे सांगावं लागलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. “खात्री झाली,” त्या हळूच म्हणाल्या.

सात रात्रींनी चाळीस हजार कुत्र्यांना ते पोचलं. फोनमधला आवाज ऐकून आता कुणी धावत नव्हतं. कंपनीचं नाव राहिलं, सुजित बाहेर राहिला. गल्लीत मात्र हौसाक्का दोन शब्द बोलली की तीन घरांतून कण्हणं सुरू व्हायचं. भीती एका वाक्यापुरती राहिली नव्हती, आवाजावरच बसली होती.

“अक्का, जरा हळू बोलत जा,” पारूबाई आधी म्हणाली. “टायगर आमचा पलंगाखाली शिरतोय.” आठ दिवसांनी म्हणाली, “दिवसातनं चारदा त्याचं मुतलेलं पुसतीया गं मी. खाणाखुणा करून न्हाई का भागायचं तुझं?” हसण्यावारी म्हणाली, पण डबा ठेवून लगेच निघाली. पूर्वी तास तास बसायची.

पिठ्या चौथऱ्याखालीच राहायचा. हौसाक्का बाहेर गेली तरच येऊन खायचा. म्हणून तिनं आधी गिरणीत बोलणं सोडलं, मग बाहेरही. गहू आणि ज्वारी कशी दळायची ते गिऱ्हाईक बोटांनी सांगायला लागलं. बाई शिष्ट झाली असं काही जण म्हणाले. तिनं तेही ऐकून घेतलं.

दुपारी गिरणी बंद झाली की ती पाटावर बसायची. भाकरीचा तुकडा चौथऱ्याच्या तोंडाशी ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करायची. चार दिवसांनी तो तुकडा तिच्यादेखत उचलला गेला. मग दर दोन-तीन दिवसांनी ती तुकडा एक वीत आपल्याकडे घ्यायची. एकदा तिला खोकला आला आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. तेव्हापासून घसा खवखवला तर ती रस्त्यावर जाऊन खोकून यायची. असे चौसष्ट दिवस गेले.

मधल्या काळात केतकीला मुलगी झाली. बारशाला सुजितनं आईला बोलावलं नाही. म्हणजे बोलावलं, पण म्हणाला, “तू आलीस तर सोसायटीतली कुत्री... लोक समजून घेणार नाहीत गं. तू फोनवरून कर. आत्या नाही, तर बाळाच्या कानात आजीनंच कुर्र करायचं, मी सगळ्यांना सांगितलंय. तेजल नाव ठरलंय. बारा वाजता फोन लावतो, तो आपोआप उचलला जाईल असं करून ठेवलंय. तेवढं बोलशील ना?”

हौसाक्कानं फोनच्या पडद्यावरच्या त्याच्या तोंडाकडे बघून मान हलवली. बारशाच्या दिवशी पहाट फुटल्यावर ती नदीच्या घाटावर गेली. आसपास कुत्रं नाही हे बघून तिनं ‘तेजल’ म्हणून बघितलं. आवाज गंजल्यासारखा आला. तिनं पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं. चौथ्या वेळी ते नाव जरा नावासारखं झालं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नातीला पहिल्यांदाच तिला काही देता येणार होतं.

बाराला दहा कमी असताना तिनं फोन वजनकाट्याला टेकवून ठेवला आणि ती पाटावर बसली. इस्तरीचं लुगडं नेसली होती. आज तुकडा ठेवायचं तिच्या लक्षातही नव्हतं.

चौथऱ्याखाली नखं वाजली. पिठ्या बाहेर आला. उजेडात त्याचे डोळे मिचमिचले. तुकडा नव्हता तरी तो दोन पावलं पुढे आला, थांबला, बसला, पुन्हा उठला. बरगड्या मोजून घ्याव्यात असा झाला होता. पोटाशी जमीन धरून तो तिच्यापर्यंत सरकला आणि एक मोठा उसासा सोडून त्यानं हनुवटी तिच्या पावलावर टेकली.

फोन उजळला. बायकांचा गलका गिरणीत भरला. पाळण्याच्या दोऱ्या, फुगे, पेढ्यांचं ताट, आणि मधोमध टोपडं घातलेलं एक लालबुंद तोंड.

“आई! दिसतंय का? हे बघ, केतकीनं तिला फोनच्या अगदी जवळ धरलंय. गप्प बसा गं सगळ्या! हां आई. कर कुर्र.”

पिठ्याचा एक कान उभा राहिला आणि पुन्हा पडला. सुजितच्या आवाजाचं त्याला काही नव्हतं.

हौसाक्कानं तोंड उघडलं. नाव अगदी जिभेवर होतं. पावलावरचं ओझं तिला जाणवत होतं. एवढंसं होतं ते, पूर्वीच्या निम्मं. तिचा घसा नुसता हलला तरी त्याच्या पाठीवरून शहारा गेला.

“आई? अगं बोल ना. ताट थांबलंय.”

पोरीनं पडद्यावर जांभई दिली.

हौसाक्कानं तोंड मिटलं. हात लांब केला आणि फोन सावकाश ज्वारीच्या पोत्यावर पालथा घातला.

“आई? ऐकू येतंय का? आई?” पोत्यातून आवाज येत राहिला. मग सुजित कुणाला तरी म्हणाला, “तिकडं रेंज नसेल. सासूबाई, तुम्हीच करा.” कुणीतरी ‘कुर्र’ केलं, टाळ्या वाजल्या, आणि एक लहान मूल दचकून रडायला लागलं.

हौसाक्काच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. गुडघ्यापर्यंत चढत होत्या. तिनं पाय हलवला नाही.